विचारायचं कुणी?

‘अगं, नाव खराब होईल!’ बाईमाणसाला गप्प करायला आपल्याकडे एवढं एक वाक्य पुरतं. कुणाचं नाव? कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी शाळेचं, कधी अख्ख्या गावाचं. तिचं स्वतःचं नाव त्या यादीत सहसा नसतंच. गेल्या काही वर्षांत ख्रिस्ती चर्चमधल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांबद्दल ज्या बातम्या आल्या, त्या वाचताना मला हे वाक्य सारखं आठवत होतं. फरक एवढाच, की तिथे जपायचं नाव फार मोठं होतं. त्याच्या पाठीशी थेट देवच उभा केलेला होता.

रवी झकरायस हे नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय कोण जाणे. पण इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात या माणसाचा केवढा दबदबा! जन्म १९४६चा, मद्रासचा. दिल्लीत वाढले, तरुणपणी कॅनडाला गेले आणि १९८४ साली अमेरिकेत त्यांनी स्वतःच्या नावाची धर्मप्रसाराची संस्था काढली. विद्यापीठांत जाऊन, शंका घेणाऱ्या मुलांसमोर उभं राहून, तर्काने धर्माची बाजू मांडणं ही त्यांची खासियत. पुस्तकं हातोहात खपायची. मे २०२० मध्ये ते कॅन्सरने गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या सभेत अमेरिकेचे त्या वेळचे उपाध्यक्ष माइक पेन्स बोलले. असा माणूस.

त्यानंतर चारच महिन्यांनी ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या मासिकानं एक बातमी छापली. मासिक ख्रिस्ती लोकांचंच, परक्यांचं नव्हे, हे लक्षात ठेवा. झकरायस यांची ज्यात भागीदारी होती अशा मसाज केंद्रांतल्या बायकांनी त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले होते. संस्थेनं बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल जाहीर झाला. त्यांच्या फोनमध्ये दोनशेहून जास्त मसाज करणाऱ्यांचे नंबर होते, बायकांचे दोनशेवर फोटो होते. मसाज करणाऱ्या अनेकींनी त्यांच्या वागण्याबद्दल सांगितलं.

त्यातल्या एकीची हकिगत वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. तिला पैशांची नड होती. संस्थेच्या निधीतून तिला मदत मिळाली. निधी म्हणजे कुणाकुणाच्या घरखर्चातून बाजूला काढून पाठवलेली देणगी हो! ती मदत मिळाल्यावर, तिच्या सांगण्यानुसार, त्याच्या बदल्यात तिच्याकडून शरीराची मागणी झाली. तिनं चौकशी करणाऱ्यांसमोर त्याला बलात्कारच म्हटलं. त्याहून भयंकर पुढचं. तिला त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसवून देवाचे आभार मानायला लावलं. आयुष्यभर देवाची सेवा केली, त्याचं तू बक्षीस आहेस, असं सांगितलं. आणि बजावलं, की तू तोंड उघडलंस तर लाखो आत्म्यांचा उद्धार व्हायचा राहील आणि ते पाप तुझ्या माथी बसेल.

विचार करा. करणारा तो, आणि लाखो लोकांच्या पापपुण्याचं ओझं मात्र हिच्या डोक्यावर! ‘नाव खराब होईल’ची ही धर्मातली आवृत्ती. घरातल्या थोरल्या जावेनं धाकटीला दटावणं वेगळं. इथे तर स्वर्गाचं दारच बाईच्या तोंडाला कुलूप म्हणून लावलं होतं.

झकरायस यांनी हयातीत कुठलाही आरोप मान्य केला नाही आणि आता ते उत्तर द्यायला नाहीत, हेही सांगायला हवं. पण मला जास्त बोलायचंय ते त्यांच्या अवतीभवतीच्या माणसांबद्दल. कारण हे सगळं आकाशातून एकदम पडलं नव्हतं. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका विवाहित बाईनं तक्रार केली होती, की त्यांनी फोनवरून नको ते मेसेज आणि तिचे फोटो मागितले. झालं काय? तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर झकरायस यांनीच दावा ठोकला. पैसे उकळायचा डाव आहे म्हणाले. शेवटी तडजोड झाली आणि तडजोडीत कोणीही वाच्यता करायची नाही अशी अट आली. संस्थेच्या संचालकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, स्वतंत्र चौकशी केली नाही. हे संचालक कोण, त्यांची नावंही जाहीर नव्हती. संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी त्यांचीच मुलगी. आता सांगा, अशा ठिकाणी विचारायचं कुणी? आणि कुणाला?

संस्थेतच जनसंपर्काचं काम बघणाऱ्या रूथ मल्होत्रा यांनी विचारलं. बाहेर पत्रकारांना जे उत्तर द्यायचं ते खरं आहे का, एवढीच त्यांची शंका होती. त्यांनी नंतर संचालक मंडळाला लांबलचक पत्र लिहून कळवलं, की प्रश्न विचारल्याबद्दल आपल्यालाच बेइमान ठरवलं गेलं, बाजूला सारलं गेलं. नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला हे नवीन नाही. हिशेबातला घोळ दाखवला की घोळ घालणारा राहतो बाजूला आणि ‘ही फार चौकस आहे’ हेच ऑफिसभर होतं.

बरं, हे काही एकाच संस्थेचं दुखणं नाही. शिकागोजवळ विलो क्रीक नावाचं एक प्रचंड चर्च आहे. १९७५ मध्ये बिल हायबल्स यांनी ते सुरू केलं. भरभराटीच्या काळात आठवड्याला वीस-पंचवीस हजार माणसं उपासनेला यायची. हे हायबल्स बायकांच्या बाजूचे म्हणून प्रसिद्ध होते. बायकांनी प्रवचन द्यावं, कारभारात यावं, असं ते उघडपणे म्हणायचे, आणि त्यांच्या चर्चच्या वडील मंडळात, म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीत, बायका होत्याही. मार्च २०१८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’नं त्यांच्याबद्दल बातमी दिली. नको तितकं जवळ येणं, हॉटेलच्या खोलीवर बोलावणं, सूचक बोलणं... सांगणाऱ्या बायका त्याच चर्चमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या, काही तर मोठ्या पदांवर असलेल्या. हायबल्स यांनी सगळं नाकारलं. हा कट आहे म्हणाले. आणि सभागृहात जमलेल्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या!

त्या टाळ्या माझ्या मनातून जात नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती जाहीर केली, तेव्हाही टाळ्याच. त्या वेळी त्या बायकांना काय वाटलं असेल? ज्यांच्या लग्नाला गेलो, ज्यांच्या बाळंतपणात डबे पोचवले, ती माणसं उभी राहून टाळ्या वाजवताहेत आणि आपण खोटारड्या.

ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हायबल्स यांच्या जुन्या सेक्रेटरीची हकिगत छापली. हायबल्स यांनी तीही नाकारली. पण त्यानंतर चारच दिवसांत चर्चची मुख्य पाळक आणि संपूर्ण वडील मंडळ पायउतार झालं. आम्ही त्या बायकांवर विश्वास ठेवायला हवा होता, अशी कबुली त्यांनी दिली. पुढच्या वर्षी स्वतंत्र सल्लागारांनीही बायकांचं म्हणणं विश्वासार्ह ठरवलं. ही मुख्य पाळक कोण होती? एक बाईच, हीदर लार्सन. म्हणून ‘समितीत बायका घेतल्या की झालं’ असं जे आपण ग्रामपंचायतीपासून बँकेपर्यंत ऐकतो ना, त्याबद्दल मला शंका आहे. बाई खुर्चीवर बसली, पण खुर्ची ज्यानं दिली त्यालाच प्रश्न विचारायची वेळ आली, तर? सरपंचबाईंच्या नवऱ्याचा कारभार बघितलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, ही त्यांची भानगड, आपल्याला काय त्याचं? तसं म्हणायची आपल्याला सोय नाही. गुरमीत राम रहीम २०१७ मध्ये दोषी ठरला, आसाराम २०१८ मध्ये. दोघांच्याही भक्तगणांत बायकांची संख्या काय होती, ते आपल्याला ठाऊक आहे. आपापल्या घराण्यातल्या, शेजारच्या, भिशीतल्या बायका होत्या त्या. तेव्हा बोट दाखवायचा हा विषयच नाही. चर्चमधली उदाहरणं एवढ्यासाठी घ्यायची, की तिथे निदान काही ठिकाणी चौकश्या झाल्या, अहवाल लोकांसमोर आले, माफीची पत्रं लिहिली गेली. त्यामुळे आतली यंत्रणा कशी चालते ते दिसतं.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत पास्टरला ‘पाळक’ म्हणतात आणि चर्चच्या माणसांना ‘मंडळी’. किती घरगुती शब्द आहेत! खेड्यापाड्यांत तुटपुंज्या पगारावर, मोटारसायकलवर फिरून लोकांची दुखणीखुपणी बघणारे पाळक पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल हे चाललेलं नाही. पण पाळक हा शब्द आला मेंढपाळावरून, आणि मेंढरानं मेंढपाळाला हिशेब विचारलाय असं कुणी पाहिलंय का? शब्दातच थोडी गोम आहे. त्यात एखादा नेता बोलण्यात पटाईत असला, देणग्या त्याच्याच चेहऱ्यावर येत असल्या, की त्याच्या भोवती एक कोंडाळं तयार होतं. त्याला वाईट बातमी सांगायची नाही. त्याच्या प्रवासाचा, खर्चाचा, भेटीगाठींचा तपशील मागायचा नाही. कुणी सोडून गेलं तर त्याच्याशी संबंध ठेवायचा नाही. एकदा का एवढं जमलं, की मग पुढचं सगळं सोपं.

आणि तोंड बंद करायला धर्मग्रंथातले दाखले असतातच. बायबलात दावीदाची गोष्ट आहे. शौल राजा त्याच्या जिवावर उठलेला, एकदा तो दावीदाच्या हातात सापडतो, पण हा देवानं अभिषेक केलेला राजा आहे म्हणून दावीद त्याला मारत नाही. झालं! एवढ्या धाग्यावर आजचे काही पुढारी स्वतःला अभिषिक्त म्हणवतात, आणि त्यांच्यावर टीका करणं म्हणजे देवावर हात उचलणं, असं भाविकांना पढवलं जातं. पण तोच दावीद पुढे राजा होतो, दुसऱ्याच्या बायकोला वाड्यात आणवतो, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे धाडून मारवतो. तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा दरबारात येतो. एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक कोकरी कशी ओढून नेली, ती कथा राजाला सांगतो. राजा रागानं लाल होतो, अशा माणसाला मरणाचीच शिक्षा हवी म्हणतो. नाथान सांगतो, तो माणूस तूच. भर दरबारात! ही गोष्ट त्याच ग्रंथात आहे. पहिली गोष्ट व्यासपीठावरून वारंवार सांगायची आणि ही दुसरी सांगताना घाई करायची, यात चलाखी कुणाची ते उघड आहे.

तसंच क्षमेचं. क्षमा करणं मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जिच्यावर प्रसंग गुदरला तिलाच पहिल्या दिवशी ‘क्षमा कर, मनात कडवटपणा ठेवू नकोस’ म्हणायचं, आणि ज्यानं केलं त्याला दोन महिन्यांनी पुन्हा व्यासपीठावर बसवायचं, ही कसली क्षमा? आपल्याकडे ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणतात. जिचं वाहून गेलंय तिनं ते म्हटलं तर ठीक. काठावर उभं राहिलेल्यानं का म्हणावं?

आपल्या देशातलं उदाहरण केरळचं. जून २०१८ मध्ये तिथल्या एका नननं जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध पोलिसांत बलात्काराची तक्रार दिली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयानं त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल झालं. न्यायालयाचा निकाल तो निकाल, त्यावर मी इथे बोलणार नाही. पण तक्रार केल्यानंतर त्या बाईशी आणि तिच्या सोबतिणींशी लोक कसे वागले, ते निकालाच्या कागदात येत नाही.

एक तर ती राहत होती तो संघ त्याच बिशपांच्या अधिकाराखालचा. ननचं आयुष्य कसं असतं ते बघा. दारिद्र्याचं व्रत घेतलेलं, त्यामुळे स्वतःचं बँकेत काही नाही. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, त्यामुळे वरिष्ठांचा शब्द शेवटचा. घर सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेली, परत जायचं कुठे? नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहून नवऱ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईसारखीच गत. पोलिसांकडे जाण्याआधी आपण चर्चमधल्या वरिष्ठांना कळवलं होतं, असं तिचं म्हणणं होतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या पाच सोबतिणी कोचीत उच्च न्यायालयाजवळ धरणं धरून बसल्या. पायघोळ झगा, डोक्यावर पदरासारखं वस्त्र, हातात फलक. नन रस्त्यावर बसल्यात हे दृश्य केरळनं तोवर पाहिलं नव्हतं. दोन आठवड्यांत बिशपांना अटक झाली. त्याच दिवसांत त्यांच्याच संघानं एक पत्रक काढलं आणि त्यात तक्रारदार ननचा फोटो छापला! अशा गुन्ह्यात तक्रार करणारीची ओळख उघड करायची नाही, हा या देशाचा कायदा आहे. पुढे जानेवारी २०१९ मध्ये त्या पाचांतल्या चौघींना वेगवेगळ्या ठिकाणच्या कॉन्व्हेंटमध्ये निघून जायचे आदेश आले. एकत्र होत्या म्हणून त्या उभ्या राहू शकल्या. वेगळ्या केल्या की काय उरतं, हे आदेश काढणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. निर्दोष सुटलेल्या बिशपांचा राजीनामा जून २०२३ मध्ये व्हॅटिकननं स्वीकारला.

पुढाऱ्यांना प्रश्न विचारणारी बाई म्हणजे पाश्चात्त्य वारं लागलेली, असं कुणी म्हणालंच, तर त्यांना आपल्या पंडिता रमाबाई दाखवा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेजच्या मठात लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी सूचना निघाली, तर हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. असं केलं तर मायदेशी बाईंची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पुन्हा तेच, नाव खराब होईल! रमाबाई तेव्हा तिशीच्याही आतल्या, विधवा, परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला राहिलेल्या त्यांच्याच पुढाऱ्यांशी वाद. पण पत्रामागून पत्रं लिहून त्यांनी ठणकावलं, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्या जोखडात घालण्यासाठी नव्हे. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्येच कशाला, आमच्या संस्कृतात का नकोत, इथपर्यंत त्यांचे प्रश्न गेले. श्रद्धा मात्र अखेरपर्यंत अढळ राहिली. केडगावचं मुक्ती मिशन त्याच श्रद्धेतून उभं राहिलं. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळानं पुस्तकरूपानं छापला आहे. इंग्रजीत आहे, पण एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाला तर जरूर चाळा. बाई चिडल्या की काय सुरेख लिहीत!

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या पगारदार बायकांसाठी आहे, असा पुष्कळजणींचा समज असतो. तसं नाही. ट्रस्ट, सोसायटी, शाळा, दवाखाना ही कामाची ठिकाणंच आहेत, आणि बिनपगारी सेवा करणारी बाईसुद्धा त्यात कर्मचारी धरली जाते. म्हणजे मिशनच्या वसतिगृहातली वॉर्डन आली, तशीच धर्मादाय दवाखान्यात फुकट सेवा देणारीही आली. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तर संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तिची अध्यक्ष बाईच हवी. बाहेरची एक व्यक्तीही त्यात लागते. माणसं कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, संस्थाप्रमुखाविरुद्धच असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी केली की पत्ता कळतो. आपल्या जिल्ह्यातल्या समितीवर कोण कोण आहे, हे एकदा कामाशिवायही विचारून ठेवायला हरकत नाही.

तक्रार करायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. झकरायस यांच्यावर २०१७ मध्ये तक्रार करणाऱ्या त्या कॅनडातल्या बाईला संस्थेचं माफीचं पत्र मिळालं २०२१ च्या फेब्रुवारीत. संचालकांनी त्यात तिचं नाव घेऊन माफी मागितली होती.